ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा : चिखल्याच्या ग्रामसभेपुढे काही मुद्दे

धान कापणीला आला की तुमसर तालुक्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. बांधीतला धान पुंजण्यात, पुंजण्यातला चुरण्यावर, चुरलेला पोत्यात, पोती आधारभूत खरेदी केंद्रावर नाहीतर तुमसरच्या राइस मिलवर, आणि मागे उरलेली तणस जनावरांसाठी परत गावात. हे सगळं ट्रॉलीवर फिरतं. चिखला, सितासावंगी, गोबरवाही, नाकाडोंगरी या पट्ट्यात दहा वर्षांची ट्रॉली म्हणजे नवीनच समजायची. डबा पत्रे ठोकून टिकवलेला, टायर बदललेले, हूक बदललेला. मागचे दिवे मात्र गेले ते गेलेच. या हंगामाआधी गावाने ते परत लावून घ्यावेत, एवढंच मागणं आहे. का आणि कसं, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. मागचा दिवा मालकाच्या कामाचा नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पुढचा हेडलाइट गेला तर ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रीच्या दारात उभा राहतो, कारण त्याला स्वतःला रस्ता दिसत नाही. मागचा गेला तर त्याचं काही अडत नाही. ट्रॅक्टर चालतो, माल पोचतो, भाडं मिळतं. अडतं ते मागून येणाऱ्याचं, आणि मागून येणारा त्या ट्रॉलीचा कोणी लागत नाही. ज्या वस्तूचा खर्च एकाने करायचा आणि फायदा दुसऱ्याला व्हायचा, ती वस्तू कोणी आपणहून दुरुस्त करत नाही. विहिरीच्या कठड्याचंही असंच असतं. अशा कामासाठीच ग्रामपंचायत असते. म्हणून ट्रॉलीचं वायरिंग हा मालकाचा खाजगी मामला नाही, तो रस्त्याचा विषय आहे.

पैसे नाहीत म्हणून दिवे नाहीत, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या ट्रॅक्टरचं तोंड पाहा. रंगीत झालरी, दोन-दोन हॉर्न, छतावर स्पीकर, समोर डोळे दिपवणारी एलईडीची पट्टी. गाण्यासाठी बॅटरीतून तासन्‌तास करंट काढता येतो. मागच्या ५ वॅटच्या बल्बसाठी तेवढा निघत नाही.

२. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली म्हणजे ट्रेलर, आणि ट्रेलर हे नोंदणी करावं लागणारं वाहन आहे. तिचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर तिच्या मागे हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०५ वा नियम सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे सक्तीचे करतो. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता येईल इतका पांढरा उजेड तिच्यावर पडला पाहिजे. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सहाच्या पुढे रस्त्यावर असलेली प्रत्येक बिनदिव्याची ट्रॉली नियम मोडते, आणि धानाच्या हंगामात सहाच्या पुढे ट्रॉली रस्त्यावर नसते असा दिवस नाही.

आणखी एक नियम आहे, १०८ वा. नंबर प्लेटचा दिवा, इंडिकेटर असे अपवाद सोडले तर वाहनाच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दाखवायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. शेतात नांगरताना मागे पाहायला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पांढरा दिवा दिलेला असतो. तो रस्त्यावरही चालू ठेवतात, कोणी तर ट्रॉलीच्या फाळक्यावरच पांढरी एलईडी ठोकतात, आणि ‘दिवा आहे की’ म्हणून सांगतात. अंधारात समोर पांढरा दिवा दिसला की माणूस समजतो, गाडी समोरून येते आहे. तो त्या हिशेबाने डावीकडे सरकतो आणि थेट ट्रॉलीच्या मागे जातो. असला दिवा नसलेला बरा.

३. मागून येतं कोण, याचाही विचार करू. चिखल्यात मॉयलची मँगनीजची भूमिगत खाण आहे, शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण. पाळी सुटली की कामगार मोटारसायकलवर, सायकलवर आपापल्या गावी निघतात. तुमसरहून गोबरवाही, नाकाडोंगरीवरून मध्य प्रदेशातल्या कटंगीकडे जाणारा रस्ता हाच आहे. जंगलाचा भाग आहे, वळणं आहेत, रस्त्याला खांबावरचे दिवे गाव सोडलं की नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे धुकं असतं.

आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला १६ ते १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे ५० मीटरच्या पुढेच. डिपरच्या उजेडात मातीने माखलेला, गंजलेल्या रंगाचा फाळका ५० मीटरवरून दिसेल, अशी आशा कोणी धरू नये. आणि ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी असेल, मागे दोन दगड ठेवून ड्रायव्हर टायर आणायला गेला असेल, तर मग विचारूच नका. हेच अंतर १५५ मीटरचं झालं, की त्या मोटारसायकलवाल्याला नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, बाजूने निघतो, वर ड्रायव्हरला दोन शब्द सुनावूनही जातो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीत २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास अपघात मागून धडक बसण्याचे होते. त्यातले ट्रॉलीचे किती, ते मी सांगत नाही. आपापल्या गावात कोण कसं गेलं ते प्रत्येकाला ठाऊक आहे.

खाणीचं एक सांगायलाच हवं. टोपीवरचा दिवा पेटता असल्याशिवाय कामगाराला खाली उतरू देत नाहीत. ही सवय या पट्ट्यातल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगात मुरली आहे. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांना जातं. देशभर टॉर्च पेटवायला माल पुरवणारा हा मुलूख. जमिनीखाली आठ तास दिव्याच्या शिस्तीत काढलेला माणूस वर येऊन घराकडे निघतो, तेव्हा त्याच्यापुढे काळोखात तणशीचा एक ढीग चाललेला असतो.

४. मंडईचे दिवस वेगळे धरा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरतात, रात्रभर दंडार, नाटक. पहाटे परतताना ट्रॉलीत बायका-पोरं असतात. ट्रॉलीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी बसवतात. त्या भांडणात मी आत्ता पडत नाही. माणसं बसणारच असतील तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसली तरी पाहिजेत.

५. ‘रेडियम लावलंय की.’ हे उत्तर हमखास मिळतं. रिफ्लेक्टर लावाच. मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळप सुरू होताना कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांना ते लावण्याच्या मोहिमा होतात, आपल्याकडे देव्हाड्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांनाही हवेत. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड परत पाठवतो. मागचा सायकलवर असेल तर परत पाठवायला काहीच नाही. वळणावर मागच्याचा उजेड बाहेरच्या झाडांवर पडतो, ट्रॉलीवर पडत नाही. चिखलणीच्या दिवसांत ट्रॉली बांधीतून बाहेर आली की रेडियमवर बोटभर माती. तणस भरली तर ती चारी बाजूंनी लोंबते आणि रेडियम पार झाकून टाकते.

त्याहून मोठी अडचण अशी, की रेडियम काही सांगत नाही. ट्रॉली थांबते आहे का, शेताच्या वाटेला उजवीकडे वळते आहे का, हे मागच्याला कळायला ब्रेक लाइट आणि इंडिकेटरच हवा. पुढचा संथ चालला आहे म्हणून मागचा उजवीकडून काढतो, नेमका तेव्हाच ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. हे दिवसाढवळ्याही होतं. तिथे रेडियमचा काही उपयोग नाही.

६. आता प्रत्यक्ष कामाकडे. इथे जरा वेळ घालवतो, कारण ‘दिवे लावले होते, टिकत नाहीत’ ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण वायरिंगमध्ये आहे.

कोणत्याही जुन्या ट्रॉलीचा मागचा दिवा उघडून पाहा. काच फुटलेली, आत धानाचा भुसा, कोपऱ्यात कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. होल्डर गंजून बल्बशी एकजीव झालेला. तार ओढली तर प्लास्टिकच्या आतलं तांबं हिरवं-काळं पडून भुगा झालेलं. पुढे हुकाजवळ पाच ठिकाणी पीळ देऊन टेप मारलेली, आणि ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये प्लग नाहीच; दोन उघडी टोकं कोंबून वर काडी खोचलेली. यात नवीन बल्ब घालून काही होत नाही. जुनं सगळं वायरिंग ओढून काढायचं आणि पहिल्यापासून करायचं. एका ट्रॉलीला एक दिवस पुरतो.

निम्म्याहून जास्त दुखणी अर्थची असतात. जुन्या पद्धतीत दिव्याचं एक टोक ट्रॉलीच्या लोखंडाला जोडतात आणि करंट हुकातून, पिनेतून ट्रॅक्टरवर परत जाईल असं धरून चालतात. पण हुकाला ग्रीस असतं, गंज असतो, आणि चालताना पीन खडखडत असते. ओळख सोपी आहे. पार्किंग लाइट चालू ठेवून ब्रेक दाबला की दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतो. डावा इंडिकेटर दिला की उजव्या बाजूचा दिवाही मिणमिणायला लागतो. करंटला परतीची सरळ वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. उपाय एकच : अर्थसाठी वेगळी तार, प्रत्येक दिव्यापासून थेट प्लगपर्यंत. शिवाय एका जागी चॅनलचा रंग घासून लख्ख लोखंड काढायचं, थिंबल लावून बोल्ट कसायचा आणि वरून ग्रीस चोपडायचं. ग्रीस आधी लावायचं नाही, कसल्यानंतर लावायचं.

तारेची जाडी हा दुसरा मुद्दा. ब्रेकचे दोन बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. सॉकेटपासून मागच्या दिव्यापर्यंत ८ मीटर तार धरा. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली तर जाता-येता जवळजवळ २ व्होल्ट तारेतच जिरतात आणि बल्बचा उजेड अर्ध्यावर येतो. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान पाऊण व्होल्टच्या आत राहतं. बाजारात ‘ट्रॉलीची वायर’ म्हणून मिळणारी स्वस्त केबल घेण्याआधी टोक सोलून आतलं तांबं पाहा. घरच्या फिटिंगची एकेरी कडक तार तर घेऊच नका, ट्रॉलीच्या धक्क्यांनी ती आतल्या आत तुटते. बारीक धाग्यांची लवचिक सात तारी केबल हवी.

केबल चॅनलच्या आतून, अॅक्सलच्या वरून न्यायची. खालून नेली तर पहिल्याच बांधीच्या धुऱ्यावर ती तुटणार. जिथे पत्र्याच्या छिद्रातून जाते तिथे रबर बसवायचं, नाहीतर पत्र्याची धार दोन महिन्यांत ती सोलते. दिव्यात शिरण्याआधी तारेला खाली एक लोंबता वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तारेवरून दिव्यात न जाता तिथून गळून पडतं. हुकाजवळ इतकी सैल ठेवायची की ट्रॅक्टर पूर्ण वळला तरी ताणली जाऊ नये आणि सरळ चालताना जमिनीला घासू नये. ट्रॉली हायड्रॉलिकवर उचलणारी असेल तर केबल आणि दिवे दोन्ही चॅनलवरच हवेत, उचलल्या जाणाऱ्या डब्यावर नकोत. फाळक्यावर दिवा लावणं तर कोणत्याच ट्रॉलीला नको. माल उतरवताना फाळका धाडकन खाली पडतो आणि दिवा त्याच्यासोबत. चॅनलच्या मागच्या टोकाला, थोडा आत, वरून अँगलची जाळी करून बसवला तर तणस भरली तरी दिसतो आणि फावड्याचा मार लागत नाही.

बल्बऐवजी सीलबंद एलईडी घेतली तर भुसा, पाणी, कुंभारमाशी सगळ्यांचा प्रश्न मिटतो आणि करंटही फार कमी लागतो. एक अडचण मात्र येईल : जुन्या फ्लॅशरला एवढ्या कमी करंटची सवय नसते, त्याला बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर भरभर लुकलुकतो, किंवा लुकलुकतच नाही. तेव्हा फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घ्यायचा. आणि हे मिस्त्र्यांनी पक्कं लक्षात ठेवावं : ट्रॉलीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी प्लग काढायचा. वेल्डिंगचा करंट अर्थच्या तारेतून शिरला की एलईडी आणि ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, दोन्हींवर संकट. आपल्या ट्रॉल्यांना वर्षातून किती वेळा वेल्डिंग लागतं ते सांगायला नको.

७. एवढं केलं तरी गावाने एक गोष्ट मिळून ठरवली नाही तर सगळं वाया जाईल : प्लगमधल्या पिनांचा क्रम. आपल्याकडे ट्रॉली एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, हे रोजचं आहे. हंगामात एक ट्रॉली आठवड्यात चार ट्रॅक्टरमागे लागते. प्रत्येक मिस्त्री आपल्या मनाप्रमाणे जोडतो, म्हणून एकाच्या ट्रॅक्टरवर चालणारी ट्रॉली दुसऱ्यावर लावली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो. दोन वेळा असं झालं की ड्रायव्हर प्लग लावणंच सोडून देतो. दिवे चांगले असून अंधार, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

यासाठी नवीन काही शोधायचं नाही. सात पिनांच्या १२ व्होल्ट सॉकेटचा एक क्रम जगात पुष्कळ ठिकाणी रूढ आहे, पिनांजवळ आकडे कोरलेले असतात. १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग लाइट (आपल्याकडे रिकामी ठेवता येईल), ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा पार्किंग लाइट, ६ ब्रेक, ७ डावा पार्किंग लाइट. तारांचे रंग अनुक्रमे पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, लाल, काळा. बाजारातल्या केबलमध्ये रंग वेगळे असले तर असू द्या, पिनेचा आकडा बदलू नका. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून काढा. नळाच्या वेळा लिहितो तिथेच. शेजारच्या गावांनीही तोच घेतला तर गोबरवाहीची ट्रॉली चिखल्याच्या ट्रॅक्टरला लागेल आणि दिवे पेटतील.

८. हरकती. ‘आम्ही रात्री ट्रॉली काढतच नाही.’ खरेदी केंद्रावर काट्यासाठी नंबर लागायला कधी संध्याकाळचे सात वाजतात, कधी बारदाना नाही म्हणून दुसरा दिवस उजाडतो. तिथून परत यायची वेळ शेतकऱ्याच्या हातात नसते. ‘शेतात दिवे फुटतात.’ फुटतात, म्हणून जाळी करा आणि आत बसवा. टायरही फुटतात, म्हणून कोणी बिनटायरची ट्रॉली चालवत नाही. ‘खर्च.’ सात तारी केबल, प्लग-सॉकेट, दोन दिवे, नंबर प्लेटचा दिवा, फ्लॅशर, थिंबल, रबर हे सगळं मिळून जे बिल होईल ते ट्रॉलीच्या एका नव्या टायरच्या खाली राहतं. कोणाला शंका असेल त्याने तुमसरच्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात भाव विचारून यावं.

आणि दिवा नसल्याचा खर्च? मोटार वाहन कायद्यातला सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, नंतर १,५०० पर्यंत. त्याने कोणी घाबरत नाही. पण मागून कोणी येऊन आदळलं आणि गेलं, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६ लागू शकतं, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते. पाच एकरांतली दोन एकर विकून भरपाई द्यायची पाळी कोणावर येऊ नये.

९. वाळूचं बोललं पाहिजे. वैनगंगा आणि बावनथडीच्या काठाने रात्री ज्या ट्रॉल्या विनापरवाना वाळू घेऊन पळतात, त्यांना दिवे नकोच असतात. नंबरही नको असतो. अंधारात चोरट्या वाळूची ट्रॉली आणि धानाची ट्रॉली सारखीच दिसते, आणि हाच त्या धंद्याचा आडोसा आहे. उद्या गावातल्या सगळ्या सरळ ट्रॉल्यांच्या मागे लाल दिवा आणि उजळलेली एमएच ३६ ची प्लेट दिसू लागली, तर बिनदिव्याची ट्रॉली दुरूनच ओळखू येईल. प्रामाणिक शेतकऱ्याने या अंधारात सामील राहायचं काही कारण नाही.

१०. मग करायचं कोणी? पोलिस आणि आरटीओने नाक्यावर उभं राहून दंड करावा, असं मी म्हणत नाही. हंगामात शेतकऱ्याला रस्त्यात अडवून पावती फाडली तर तो चिडेल आणि आडवाटेने जाईल, दिवा लावणार नाही. तपासणी व्हावी ती ट्रॉली जिथे स्वतःहून येऊन थांबते तिथे : खरेदी केंद्राच्या गेटवर, राइस मिलच्या काट्यावर, साखर कारखान्याच्या वाहनतळावर. पहिल्या आठवड्यात फक्त सांगायचं, दुसऱ्या आठवड्यापासून नोंद करायची, त्यानंतर अंधार पडल्यावर बिनदिव्याची ट्रॉली गेटबाहेर सोडायची नाही, सकाळी सोडायची. धानाचं माप मात्र कोणत्याही कारणाने अडवायचं नाही. नाहीतर दिव्याच्या नावाखाली नवीन अडवणूक सुरू होईल, आणि तसं झालं तर या मागणीला सगळ्यात आधी मीच विरोध करीन.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. गेटवरच्या तपासणीचं पत्र तिथून निघू शकतं. ग्रामपंचायतीने ठराव करून तिच्याकडे पाठवावा.

दुरुस्तीसाठी शिबिर घ्यावं. तुमसरच्या आयटीआयची मुलं, गावातले एक-दोन जाणते ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि शाळेच्या मैदानात ओळीने ट्रॉल्या. मुलांना हात साफ करायला खरं काम मिळेल. सामानाचे पैसे मालकाने द्यावेत, फुकट काही नको. फुकटचा दिवा फुटला तर कोणी परत लावत नाही. मजुरी आणि शिकवण्याचा खर्च मात्र बाहेरून यायला हरकत नाही. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाण असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, त्याच्या निधीत कौशल्य विकास हे अग्रक्रमाचं काम आहे. मॉयलही कंपनी कायद्याप्रमाणे सामाजिक कामावर खर्च करते. त्यांच्याच कामगारांच्या घरी जाण्याच्या रस्त्याचा हा प्रश्न आहे. मागायला लाजू नये.

शिबिरात काम झालं की उभ्या ट्रॉलीचे दिवे लावून कोणी तरी १५५ मीटर चालत जावं आणि मागे वळून पाहावं. मैदान पुरणार नाही, रस्त्यावर जावं लागेल. तेवढ्या अंतरावरून दोन्ही लाल दिवे वेगवेगळे दिसले तर काम बरोबर.

११. वेळ थोडा आहे. हलका धान ऑक्टोबरात कापणीला येतो. त्याआधीची ग्रामसभा २ ऑक्टोबरची. विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून लेखी अर्ज ग्रामपंचायतीत आधीच द्यावा लागेल. अर्जावर ट्रॉलीमालकांच्या सह्या असतील तर उत्तम, खाणीतल्या रात्रपाळीच्या कामगारांच्या असतील तर आणखी उत्तम. ठरावात तीन गोष्टी मागा : पिनांचा एकच क्रम, कापणीआधी वायरिंगचं शिबिर, आणि खरेदी केंद्राच्या गेटवर दिव्याची तपासणी. ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांनी त्या दिवशी ट्रॉली घेऊनच यावं, आणि ग्रामसभा सुरू होण्याआधी मागचे दिवे लावून दाखवावेत.